जिप्सीचे गिअर, अ‍ॅक्सल आणि पाटे : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

पावसाळ्याच्या तोंडावर बघायला येणाऱ्या बहुतेक जिप्सींची कहाणी एकच असते. आधी लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) टाकून गाडी उचललेली असते. मग मोठे टायर येतात. मग चढावर गाडी ओढत नाही म्हणून क्लच बदलला जातो. तोही जळला की कुणीतरी गिअर रेशोचा विषय काढतो. गिअर बदलले की प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलकडे ताकद नेणारा लांब दांडा) थरथरू लागतो, कारण त्याचा कोन कुणी मोजलेलाच नसतो. प्रत्येक काम दोनदा होतं आणि दोन्ही वेळा पैसे जातात.

योग्य क्रम याच्या जवळजवळ उलटा आहे. आधी टायर ठरवायचा (विकत घ्यायचा नाही, फक्त ठरवायचा). त्यावरून गिअरचा हिशोब मांडायचा, मग जुन्या अ‍ॅक्सलची दुरुस्ती, मग ट्रान्स्फर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा आणि हाय-लो गिअर असलेला डबा), त्यानंतर पाटे (लीफ स्प्रिंग), त्यानंतर शाफ्ट, आणि शेवटी स्टिअरिंग व ब्रेक.

इथले आकडे १.३ लिटर इंजिनाच्या मारुती जिप्सीचे, म्हणजे एमजी४१३ चे आहेत. पुढेमागे सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे आणि गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली ट्रान्स्फर केस अशी तिची मांडणी आहे. सलग अ‍ॅक्सलच्या जुन्या जीपलाही हाच क्रम लागू पडतो, पण तिचे आकडे वेगळे. २०१० नंतरच्या थार सीआरडीईला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे पाट्यांचा टप्पा तिच्या पुढच्या बाजूला लागू नाही.

## टप्पा १ : कागद, जागा आणि पहिली मोजमापं

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून हत्यार उचलण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. खाली सांगितलेली मोठी कामं, विशेषतः पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेणं, ही ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या स्पर्धेच्या गाडीसाठीच आहेत. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीवर मी ती करत नाही.

जागा सपाट आणि कोब्याची हवी. मातीच्या अंगणात घोडी (गाडी पेलणारा स्टँड) रुतते. चार मजबूत घोड्या, चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे, टॉर्क रेंच, डायल गेज, अँगल फाइंडर, मासे तोलतात तसला स्प्रिंगचा काटा आणि खडू एवढं जमवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

एकही नट सैल करण्याआधी पुढच्या गोष्टी वहीत लिहा:

१. चारही कोपऱ्यांत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर.
२. ट्रान्स्फर केसच्या पुढच्या-मागच्या फ्लँजचा आणि दोन्ही पिनियन फ्लँजचा (डिफरन्शियलला शाफ्ट जिथे जोडतो त्या चकतीचा) कोन.
३. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करा, मग मोजा. मूळ व्हीलबेस २,३७५ मिमी आहे.
४. प्रत्येक ब्रेक होज, चाक लटकतं असताना, किती ढिला राहतो.

तपासणी : डाव्या आणि उजव्या व्हीलबेसमध्ये ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर थांबा. सेंटर बोल्ट (पाट्यांची चळत एकत्र धरणारा) तुटलेला असेल, पाटा सरकलेला असेल किंवा चासी वाकलेली असेल. वाकड्या चासीवर नवे पाटे टाकले तरी गाडी तिरकीच चालणार.

सैन्याच्या लिलावातून आलेली गाडी असेल तर पुढचा टप्पा जास्त काळजीने करा. अशा गाड्यांत सुटे भाग कुठून कुठून आलेले असतात आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो सारखा असेलच असं गृहीत धरता येत नाही.

## टप्पा २ : टायर ठरवा, पण विकत घेऊ नका

पाटे उंच केले की बॉडी वर जाते. डिफचा गोळा (डिफरन्शियलचा खाली लोंबणारा फुगवटा) मात्र होता तिथेच राहतो, कारण तो अ‍ॅक्सलवर आहे आणि अ‍ॅक्सल चाकावर. गोळा जमिनीपासून वर नेतो तो फक्त टायर. २०५/७० आर १५ या मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा साधारण ७०४ मिमी आणि २३५/७५ आर १५ चा ७३४ मिमी. म्हणजे सर्वात मोठा टायर घेऊनही गोळा वर जातो फक्त ३३ मिमी. हा आकडा ऐकून लोक निराश होतात, पण कातळावर ३३ मिमी भरपूर असतात.

हिशोब स्वतः करायचा तर टायरची रुंदी गुणिले टक्के गुणिले दोन, अधिक रिमचा व्यास (१५ इंच म्हणजे ३८१ मिमी). प्रत्यक्षात दर कंपनीचा टायर थोडा कमीजास्त भरतो, त्यामुळे दुकानात टेप घेऊन जा.

रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते. ५.५ जे असेल तर २१५/७५ बसतो. २३५/७५ ला किमान ६ इंच रुंद रिम लागतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर हवा कमी केल्यावर तो रिममधून निसटतो, आणि हवा तर आपण चिखलातच कमी करतो.

माझं मत विचाराल तर सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांसाठी २१५/७५ पुरतो. २३५/७५ घ्यायचा तो खडकाळ ओढे चढायचे असतील तर, आणि पुढचा गिअरचा खर्च झेपणार असेल तर. ३१ इंची टायरच्या वाटेला जिप्सीत जाऊ नये. ते वजन आणि ती ताकद पुढच्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटला पेलत नाही.

## टप्पा ३ : दात मोजा, मग हिशोब करा

टायर मोठा झाला की गिअर तेवढ्याच प्रमाणात 'उंच' होतात. २३५/७५ मूळ टायरपेक्षा ९.८ टक्के मोठा आहे, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाजवळची ओढ जवळपास नऊ टक्के घटली. १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला हे लगेच जाणवतं, कारण त्याचा जोर वरच्या आरपीएमला आहे.

क्राउन-पिनियन, म्हणजे डिफमधलं मोठं आणि छोटं दातेरी चाक. तेल काढा, डिफ उतरवा आणि दात मोजा. पिनियनला ११ आणि क्राउनला ४३ दात असतील तर रेशो ३.९०९. ९ आणि ३७ असतील तर ४.१११. ८ आणि ४१ असतील तर ५.१२५. पुढचा आणि मागचा, दोन्ही मोजा.

ट्रान्स्फर केस. ही न उघडताही मोजता येते. गिअरबॉक्सकडून येणारा छोटा शाफ्ट सोडा, इनपुट फ्लँजवर आणि मागच्या आउटपुट फ्लँजवर खडूची खूण करा. इनपुट हाताने दहा वेळा फिरवा आणि आउटपुट किती फिरला ते बघा. मूळ गिअर असतील तर हायमध्ये सात फेऱ्या आणि थोडं वर (रेशो १.४०९), लोमध्ये साडेचारच्या थोडं आत (२.२६८).

> सावधान : पुढचा आणि मागचा रेशो वेगळा निघाला तर गाडी फोर व्हीलमध्ये चालवूच नका. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही. वेगळ्या रेशोची दोन अ‍ॅक्सल एकमेकांशी झुंजतात आणि ताण शाफ्टमध्ये साठत जातो. ओल्या मातीत चाक घसरून तो सुटतो, कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटून सुटतो.

आता पर्याय. पहिल्या गिअरचा रेशो ३.६५२ धरला तर मूळ गाडीचा लो-फर्स्टचा एकूण रेशो ३.६५२ × २.२६८ × ३.९०९, म्हणजे साधारण ३२. आयडलला, ८०० आरपीएमवर, गाडी ताशी ३.१ किमीने सरकते. २३५/७५ टाकल्यावर तीच ३.४ किमी होते. उतारावर हा फरक ब्रेकवर पाय ठेवायला लावतो, आणि ओल्या कातळावरच्या उतारावर ब्रेक दाबला की चाक घसरतं.

क्राउन-पिनियन ५.१२५ केलं तर एकूण रेशो ४२ वर जातो. पण मोठा टायर धरूनही हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिन मूळपेक्षा १९ टक्के जास्त फिरतं. ज्या वेगाला ३,००० आरपीएम असायचे तिथे जवळपास ३,६०० होतात. घरापासून डोंगर दोनशे किलोमीटर असेल तर हे सोसवत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे ट्रान्स्फर केसमध्ये ४.१६ चा लो सेट. हे सेट बहुधा परदेशातून मागवावे लागतात. यात लो ४.१६ होतो आणि हायसुद्धा मूळपेक्षा १२ टक्के खाली, १.५८ वर येतो. आता २३५/७५ शी हे जोडून बघा. टायरने गिअर दहा टक्के उंच केला, सेटने बारा टक्के खाली आणला. हमरस्त्यावर गाडी जवळजवळ मूळसारखीच चालते. लो-फर्स्टचा रेशो मात्र ५९ होतो आणि आयडलला गाडी ताशी दोन किमीच्याही आत सरकते. क्राउन-पिनियनला हात लावावा लागत नाही, दोन अ‍ॅक्सल जुळवण्याची कटकटही टळते. २३५/७५ ठरवला असेल तर माझा कौल नेहमी या सेटला असतो. २१५/७५ वरच थांबणार असाल तर गिअर आहेत तसेच ठेवा आणि वाचलेले पैसे टप्पा ४ वर खर्च करा.

## टप्पा ४ : अ‍ॅक्सल आधी मूळपदावर आणा

सगळ्यात जास्त वगळला जातो तो हा टप्पा. इथे नवीन काहीच दिसत नाही, फोटो काढावा असं काही नसतं. पण झिजलेल्या नकलवर (पुढच्या चाकाबरोबर वळणारा टोकाचा भाग) दुप्पट ताकद सोडली की काय होतं, ते तुटलेला जॉइंट गाळातून चाचपून बाहेर काढणाऱ्यालाच विचारा.

१. पुढचं चाक अधांतरी ठेवून वरून-खालून धरून हलवा. प्ले असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष हबच्या बेरिंगचा, राहिला तर किंगपिनच्या (ज्या खुंटीवर नकल वळते तिच्या) बेरिंगचा.

२. नकल उघडा. आतलं ग्रीस तपासा. दुधाळ किंवा पातळ झालं असेल तर पाणी किंवा डिफचं तेल आत येतंय. मागचं मोठं वर्तुळाकार सील आणि अ‍ॅक्सल ट्यूबमधलं छोटं सील, दोन्ही बदला. एक बदलून दुसरं ठेवणं म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तेच काम.

३. पुढचा सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) धुऊन आतल्या गोळ्या आणि खाचा बोटाने तपासा. खाचेत नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर जॉइंट बदला. डावा-उजवा अदलाबदल करून बसवू नका.

४. किंगपिनची बेरिंग बदलताना खालच्या-वरच्या शिम (पातळ चकत्या) वेगळ्या पिशव्यांत ठेवा. बसवल्यावर, मोठं सील न लावता, टाय रॉडच्या (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा. नकल हलायला साधारण १ ते १.८ किलो लागायला हवेत. कमी लागले तर शिम काढा, जास्त लागले तर घाला. हा ताण कमी राहिला की मोठ्या टायरवर स्टिअरिंग अचानक जोरात थडथडायला लागतं. मग लोक स्टिअरिंग डँपर बदलत बसतात.

५. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडणारे) उघडून साफ करा, हलकं ग्रीस लावा. ठासून भरलं तर हब अर्धवट गुंततो आणि दात खातो.

६. दोन्ही अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केसच्या ब्रीदरला (हवा जा-ये करायच्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती इंजिन खोलीत उंचावर न्या. गरम गोळा ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. खर्च अगदी किरकोळ, आणि पावसाळ्यातल्या गाडीसाठी याहून उपयोगाचं दुसरं काम मला माहीत नाही.

### क्राउन-पिनियन बदलायचं ठरवलंच असेल तर

हे काम ज्याच्याकडे डायल गेज नाही त्याच्याकडून करून घेऊ नका. 'हाताला कळतं' असं म्हणणारे मेकॅनिक अनुभवी असतात, पण ०.०५ मिमी हाताला कळत नाही. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मॅन्युअलप्रमाणे ठेवा. या डिफला तो ०.१० ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतो. मग दातांवर खुणेचा रंग लावून ठसा बघा. जुने कारागीर शेंदूर तेलात कालवून वापरतात आणि ठसा उत्तम उठतो, पण शेंदरात शिसं असतं, म्हणून हातमोजे घाला. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाला किंवा मुळाशी सरकला असेल तर पिनियनची शिम चुकली आहे. अशा वेळी बॅकलॅश बदलून ठसा जुळवण्याचा प्रयत्न करू नका.

नवा सेट पहिल्या दिवशी तीसेक किलोमीटर शांतपणे चालवा, मग पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले ५०० किमी ओढकाम नको, आणि ८०० किमीच्या आसपास तेल बदला. डिफमध्ये जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९०. गिअरबॉक्समध्ये मात्र मॅन्युअल जे सांगतं तेच तेल, कारण काही जीएल-५ तेलं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला मानवत नाहीत.

### डिफ लॉक

डिफ लॉक म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारं कुलूप. मागचा आधी, पुढचा नंतर, आणि बहुतेकांना पुढचा लागतच नाही. पुढे लॉक असताना स्टिअरिंग पूर्ण वळवून, अडकलेल्या चाकावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सीव्ही जॉइंट फुटतो. डिफ वेल्ड करून टाकण्याचा स्वस्त उपाय सुचवला जातो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो कधीही करू नका. वळणावर आतलं चाक फरफटतं आणि ओल्या घाटात गाडी सरळ पुढे जाते.

## टप्पा ५ : ट्रान्स्फर केस

गाडीतून उतरवून बाकावर घ्या. खाली झोपून हे काम होत नाही.

१. उघडण्याआधी हाय-लो आणि टू-फोर दोन्ही दांडे कुठे आहेत त्याचा फोटो काढा.
२. शिफ्टर शाफ्ट ओढताना भोकावर कापड धरा. आत स्प्रिंगच्या दाबाखाली गोळी असते, ती उडून कुठेही जाते.
३. गिअर बदलताना सगळी बेरिंग, सील आणि काउंटर शाफ्टची ओ-रिंगही बदला. केस पुन्हा उघडण्याची मजुरी या भागांपेक्षा जास्त पडते.
४. काही सेटना केसच्या आतून थोडं घासावं लागतं. घासल्यावर डिझेलने धुऊन हवा मारा. एक कणही राहता कामा नये.
५. बंद केल्यावर तेल भरण्याआधी मघाचीच दहा फेऱ्यांची मोजणी करा. ४.१६ सेटला हायमध्ये सव्वासहा-साडेसहाच्या मधे, लोमध्ये साधारण दोन पूर्णांक चार यायला हव्यात.

केस ज्या तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली असते, ती याच वेळी नवी टाका. लो रेशो वाढला की केसला पिळणारी ताकद वाढते. आधीच भेगाळलेलं रबर फाटतं, केस सरकते आणि शाफ्ट क्रॉसमेंबरला घासू लागतो.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्स्फर केसच्या आउटपुटकडून निघते, त्यामुळे या सेटने वेगाचं वाचन बदलत नाही. टायरने मात्र बदलतं. २३५/७५ वर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६६ ने जात असते.

## टप्पा ६ : पाटे आणि शॉकअप

आता, इतकं झाल्यावर, गाडी उचलायची.

### शॅकल लांब करू नका

जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली झुकतं आणि अख्खं अ‍ॅक्सल पुढे कलतं. किंगपिनचा वरचा भाग पुढे येतो, म्हणजे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) घटतो. मूळ कॅस्टर साधारण साडेतीन अंश आहे. त्यातले दोन गेले तरी वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. माझ्या पहिल्या गाडीवर एका गॅरेजने हेच केलं होतं. आंबोली घाट उतरताना प्रत्येक वळणानंतर मला स्टिअरिंग ओढून सरळ करावं लागत होतं, आणि तीन महिने मी टायरच्या दुकानात अलाइनमेंट करून घेत राहिलो. आणि मिळतं काय? शॅकल ५० मिमी लांब केलं तर गाडी उचलते २५ मिमी.

### ५० मिमी उंचीचे नवे पाटे

रस्ता आणि डोंगर दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीसाठी माझ्या मते एवढंच पुरे. कमानवाल्याकडून (पाटे बनवणाऱ्याकडून) बनवून घेत असाल तर एक गोष्ट ठासून सांगा: मोजकेच जाड पाटे नकोत, जास्त संख्येने पातळ पाटे हवेत. एक जाडजूड पाटा वाढवून उंची मिळते, पण कमान इतकी ताठ होते की चाक खड्ड्यात उतरतच नाही, अधांतरी राहतं. ऑफ-रोडला उंचीपेक्षा चाकाचं जमिनीवर टेकलेलं राहणं महत्त्वाचं.

क्रम असा:

१. मागची बाजू आधी. चासी घोडीवर, अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर.
२. शॉकअप, ब्रेक होजची क्लिप आणि प्रॉपेलर शाफ्ट (फ्लँजवर आणि स्प्लाइनवर रंगाने खूण करून) सोडा, मगच पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट काढा. उलट केलं तर अ‍ॅक्सलचं वजन ब्रेक होजवर येतं.
३. नवे पाटे बसवताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय याची बोटाने खात्री करा.
४. यू-बोल्ट नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. चारही नट तिरके-आडवे, थोडे थोडे करत आवळा.
५. शॅकलचे आणि डोळ्याचे बोल्ट आता फक्त हाताने घट्ट ठेवा. चाकं लावून, गाडी जमिनीवर उतरवून, चारही कोपरे दोनतीनदा दाबून झाल्यावरच ते टॉर्कने आवळा. चाक लटकत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो.

तपासणी : खडूच्या खुणांवरून व्हीलबेस दोन्ही बाजूंनी पुन्हा मोजा. टप्पा १ च्या आकड्यांशी जुळायला हवा.

### शॉकअप आणि बंप स्टॉप

शॉकअप पेटीवरच्या 'दोन इंच लिफ्टसाठी' या ओळीवरून घेऊ नका. शॉकअप काढून एका चाकाखाली जॅक लावा आणि बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) टेकेपर्यंत उचला. वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर मोजा. मग त्याच बाजूचं चाक पूर्ण लटकू द्या आणि पुन्हा मोजा. निवडलेल्या शॉकअपची बंद लांबी पहिल्या अंतरापेक्षा कमी आणि उघडी लांबी दुसऱ्यापेक्षा जास्त हवी, दोन्हीकडे किमान १५-२० मिमी राखून. शॉकअप आतून आपटला तर एका फेरीत गळतो. बाहेर ताणला गेला तर वरची पिन उपटतो.

टायर मोठा असेल तर बंप स्टॉपही खाली आणावा लागतो. किती, ते हिशोबाने नाही, चाक उचलून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासत असेल तर बंप स्टॉप वाढवा किंवा नकलवरचा स्टिअरिंगचा थांबा-बोल्ट थोडा बाहेर काढा.

### पाटे अ‍ॅक्सलच्या वर

मूळ गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आहेत. ते वर नेले की गाडी १२५ मिमीच्या वर उचलते आणि खडकाला अडकणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटी वर जातात. फक्त ट्रेलरवरच्या गाडीसाठी, आणि त्यातही चार गोष्टी सांभाळून:

नव्या बैठका आधी फक्त टॅक करा. गाडीचं पूर्ण वजन पाट्यांवर घेऊन पिनियनचा कोन ठरवा, मगच पूर्ण वेल्ड. वेल्ड छोट्या तुकड्यांत, या बाजूला थोडा, त्या बाजूला थोडा. सलग मारला तर ट्यूब वाकते. बॅटरी सोडा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट बेरिंगमधून जातो आणि त्यांच्या रोलरवर डाग पडतात. अ‍ॅक्सलला पिळापासून अडवणारा दांडा मागे लावावाच लागतो, कारण आता जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि पिनियन वर उडी मारतं.

## टप्पा ७ : प्रॉपेलर शाफ्टचे कोन

शाफ्ट काढताना फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनवर रंगाने खूण केली होती ना? दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे दुशाखी भाग) एका ओळीत असायलाच हवेत. स्प्लाइन एक दात जरी चुकवून बसवला तरी शाफ्ट थरथरतो, आणि मग उगाच बॅलन्सिंगला जातो.

१. गाडी चाकांवर उभी करून ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजचा आणि पिनियन फ्लँजचा कोन मोजा. दोन्ही एकमेकांना समांतर हवेत, फरक एका अंशाच्या आत.
२. जुळत नसेल तर पाटा आणि बैठक यांच्या मध्ये पाचरीसारखी शिम घाला. ती पोलादी असावी. अ‍ॅल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात.
३. चाकं पूर्ण लटकवून शाफ्ट हाताने पूर्ण फेरी फिरवा. कुठेही क्रॉसचा काटा अडकायला नको, आणि स्प्लाइन किमान स्वतःच्या व्यासापेक्षा जास्त आत असायला हवा. नसेल तर शाफ्ट लांब करून, बॅलन्स करून आणा. साध्या वेल्डिंगच्या दुकानात नाही, जिथे बॅलन्सिंगचं मशीन आहे तिथेच.
४. उलट टोकही बघा: चाक पूर्ण वर गेल्यावर स्प्लाइन तळाला टेकला तर धक्का थेट ट्रान्स्फर केसच्या बेरिंगला बसतो.

पुढच्या शाफ्टला एक पेच आहे. कॅस्टर वाढवायला अ‍ॅक्सल मागे कलवलं की पिनियन खाली जातं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. तिथे कॅस्टरला प्राधान्य द्या. पुढचा शाफ्ट हब सोडलेले असताना फिरत नाही, स्टिअरिंग मात्र प्रत्येक किलोमीटरला लागतं.

## टप्पा ८ : स्टिअरिंग आणि ब्रेक

गाडी उचलल्यावर ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपी होते आणि स्टिअरिंग एका बाजूला सरकतं. ते ड्रॅग लिंकची लांबी बदलून मध्यावर आणा. स्टिअरिंग काढून दुसऱ्या दातावर बसवू नका, कारण मग स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही. टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) टाय रॉडने, आणि तो ड्रॅग लिंक झाल्यावर.

ब्रेक होज चाक पूर्ण लटकवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा. जराही ताण असेल तर लांब होज किंवा खाली आणलेला ब्रॅकेट. मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह असेल तर त्याचा ब्रॅकेट उचललेल्या उंचीइतका सरकवा. तो तसाच ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचे ब्रेक कमजोर पडतात. हे सहज लक्षात येत नाही, कारण मोकळ्या गाडीत फरक जाणवतच नाही. चार माणसं आणि सामान घेऊन घाट उतरताना जाणवतो.

> सावधान : ब्रेकची हवा काढल्याशिवाय आणि पॅडल घट्ट लागल्याशिवाय गाडी आवाराबाहेर काढू नका.

## टप्पा ९ : चाचणी

पहिल्या दिवशी हमरस्ता नको. मोकळ्या मैदानात, टू व्हीलमध्ये, ताशी २० ने आठाचा आकडा काढा. घासण्याचा आवाज ऐका. मग सैल मातीवर हब लॉक करून फोर हाय, नंतर लो. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नका.

मग ४०, मग ६०. ठरावीक वेगाला थरथर येऊन पुढे कमी झाली तर आधी टायरचं बॅलन्सिंग बघा. वेगाबरोबर वाढतच गेली तर शाफ्ट. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गुणगुण आली आणि दाबल्यावर गेली (किंवा उलट) तर क्राउन-पिनियन. अचानक ब्रेक मारून गाडी कुठे ओढते तेही बघा. गाडी आता उंच आहे, पुढचं-मागचं ट्रॅक १,३०० मिमीच्या आसपासच राहिलंय. वळणावर पूर्वीच्या वेगाने जाऊ नका.

१०० किमीला सगळे यू-बोल्ट, शॅकल, शाफ्टच्या फ्लँजचे आणि चाकांचे नट टॉर्कने पुन्हा आवळा. नवे पाटे बसतात, रंगाचा थर चेपतो, आणि यू-बोल्ट हमखास थोडे सैल निघतात. ५०० किमीला हेच पुन्हा, शिवाय डिफच्या प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघा. बारीक करडी भुकटी चालते. खवला किंवा तुकडा असेल तर त्याच दिवशी डिफ उतरवा. मडगार्डची उंची चारही कोपऱ्यांत मोजून वहीत टप्पा १ च्या आकड्यांशेजारी लिहा. पाटे साधारण तोवर बसलेले असतात, आणि एखादा कोपरा दुसऱ्यापेक्षा १० मिमीहून जास्त खाली गेला असेल तर कमानवाल्याकडे परत जायची वेळ तीच.